नैरोबी ते मोंबासा, मुगाच्या उसळीवर

केनियात स्वस्तात फिरायचं तर घासाघीस करण्यापेक्षा घड्याळ सांभाळावं. भाडं, जेवण, मुक्काम सगळं वेळेवर स्वस्त-महाग होतं.

बॅग भरतानाच लाडू-चिवडा प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून डब्यांत भरा. २०१७ पासून तिथे या पिशव्यांवर बंदी आहे. उतरल्यावर मूळ पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि त्याच दुकानात एम-पेसा सुरू करून मागा. फोनवरून पैसे देण्याची ही सोय २००७ पासून आहे. आता भाजीवालीसुद्धा त्यावरच पैसे घेते. खात्यात रोख भरायला काही पडत नाही, काढायला मात्र शुल्क लागतं. म्हणून चिल्लर-चिल्लर काढू नका.

शहरात फिरायला मटाटू, म्हणजे आपली वडाप. काचेवरचा मार्ग क्रमांक बघून चढा. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला भाडं चढतं, पाऊस आला की आणखी चढतं. तेव्हा दहानंतर निघावं, चारच्या आत परतावं. भाडं किती ते कंडक्टरला नव्हे, शेजारच्याला विचारा आणि सुटे पैसे हातात ठेवा. फोन मात्र खिशात! खिडकीतून हिसकावून नेतात. उतरायचं असेल तेव्हा ‘शुकिशा’ म्हणून ओरडा. लाजलात तर पुढच्या थांब्यावर उतराल.

मुख्य जेवण दुपारी घ्या, तेही ‘किबांडा’त. पत्र्याच्या या टपऱ्यांत एकच्या सुमाराला बांधकामावरचे मजूर आणि कचेरीतले लोक गर्दी करतात. तेव्हा पातेली ताजी असतात, संध्याकाळी तळाचं उरतं. शाकाहारी माणसानं ‘चपाती-न्देंगू’ मागावं. न्देंगू म्हणजे चक्क मुगाची रस्सेदार उसळ. युगांडा रेल्वेच्या काळात, १८९६ नंतर, इथे आलेल्या हिंदी मजूर-व्यापाऱ्यांमागून चपाती रुजली. पण आता ती मैद्याची, पदराची, तेलकट असते, दोनांत पोट भरतं. पालट म्हणून उगाली, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत सुकुमा विकीची पालेभाजी. मागतानाच ‘बिला न्यामा’ सांगा, म्हणजे मांस नको. तरी रस्सा कुठल्या पातेल्यातला ते बघून घ्यावं. काचुंबारी, म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, कच्ची असते, पहिले काही दिवस टाळलेली बरी. रात्रीला केळी, ॲव्होकाडो आणि पाव पुरतो.

मोंबासाला बसही जाते, पण ट्रकांनी भरलेल्या त्या रस्त्यावर रात्री जाण्यापेक्षा मी मदाराका एक्स्प्रेस ही रेल्वेच घेईन. २०२४ च्या सुरुवातीला साध्या वर्गाचं भाडं १,००० वरून १,५०० शिलिंग झालं, तरी वाटेवरच्या त्सावो अभयारण्यातले हत्ती खिडकीतून दिसले तर त्याचे वेगळे पैसे नाहीत. तिकीट आधी काढा, पासपोर्ट जवळ ठेवा. गाडी सुटते शहराबाहेरच्या स्योकिमाऊहून, आणि सामानाच्या तपासणीला रांग असते. तासभर आधी पोहोचा.

इथे एक गोम आहे. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने सहाच्या आसपासच उगवतो, म्हणून सातला ‘एक’ वाजतो. कुणी ‘सा म्बिली’, म्हणजे दोन वाजता या, म्हणालं तर ते सकाळचे आठ असतात. इंग्रजीत विचारलं तर बहुधा आपलंच घड्याळ सांगतात. तरी वेळ लिहून घ्यावी.

गाडी मोंबासा गावात जात नाही, मिरितिनीला थांबते. टॅक्सीवाल्यांच्या गराड्यातून बाहेर पडून मटाटू धरा. गावात टुकटुक आहेत, बसण्याआधी भाडं ठरवा. सकाळी मात्र म्बाझी आणि महाम्री चुकवू नका: नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे आणि वेलची घातलेली तळलेली पुरी. ही न्याहारी सकाळीच संपते. नंतर डायानीच्या किनाऱ्याला जायचं असेल तर लिकोनीची फेरी धरा. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे उतरलं की डायानीजवळच्या उकुंडाचं मटाटू मिळतं.