शेवटच्या घटकेची सोबत

शास्त्रपाठ : ईयोब २:११-१३, मत्तय २६:३६-४६, योहान १९:२५-२७, २ तीमथ्य ४:६-२१

पाठाचा हेतू : मरणोन्मुख माणसाजवळ व त्याच्या घरच्यांजवळ राहणे ही मंडळीची सेवा आहे हे ओळखणे आणि ती कशी करावी हे समजून घेणे.



माझे वडील कर्करोगाने आजारी होते. "आता घरी घेऊन जा," असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा बाबांना काही कळू द्यायचे नाही असे आम्हा भावंडांचे ठरले. मी प्रवचने करणारा मनुष्य. रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेशी उभा राहून ते बरे व्हावेत म्हणून मी मोठ्याने प्रार्थना करीत असे. एके रात्री त्यांनी माझा हात धरून विचारले, "बाळ, अजून किती दिवस?" मी घाईने म्हणालो, "बाबा, असे बोलू नका. विश्वास ठेवा, तुम्ही बरे होणार." त्यांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केले. तो विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

त्याच दिवसांत आमच्या मंडळीतील एक वयस्क विधवा बाई दुपारी घरी येऊन बसत. पूर्वी त्या परिचारिका होत्या. त्या बाबांचे ओठ ओल्या कापसाने पुसत, त्यांची कूस बदलीत आणि आईला म्हणत, "वहिनी, तुम्ही तासभर पडा, मी आहे इथे." बाबा गेल्यावर कळले की, दफनविधीला कोणते गीत म्हणावे आणि आपले घड्याळ कोणत्या नातवाला द्यावे हे त्यांनी त्या बाईंना सांगून ठेवले होते. मला सांगितले नव्हते, कारण मी त्यांना बोलूच दिले नव्हते. हा पाठ लिहिताना ती गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर आहे.

शब्द नवा, सेवा जुनी

अमेरिका, इंग्लंड इत्यादी देशांत अलीकडे मरणोन्मुखांना सोबत करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला 'डूला' म्हणतात. प्रथम हा शब्द बाळंतपणात धीर देणाऱ्या सोबतिणीसाठी वापरात आला. पुढे हेन्री फर्स्को-वाइस या समाजसेवकाने २००३ साली न्यूयॉर्कमध्ये तशीच सोबत मरणाऱ्यांना मिळावी म्हणून स्वयंसेवकांना शिकवण्यास आरंभ केला. डूला औषधोपचार करीत नाही. ते काम डॉक्टर व परिचारिका यांचे. डूला जवळ बसते, ऐकून घेते, रोग्याच्या इच्छा विचारून ठेवते आणि थकलेल्या घरच्यांना विसावा देते.

हा शब्द मूळ ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ दासी. लूक १:३८ मध्ये मरीया देवदूताला उत्तर देताना स्वतःला प्रभूची दासी म्हणवते, तेथे मूळ भाषेत हाच शब्द आहे. फिलिप्पै २:७ मध्ये ख्रिस्ताने दासाचे रूप धारण केले असे सांगितले आहे, तेथे त्याच शब्दाचे पुल्लिंगी रूप आहे. तेव्हा या कामाचे नाव परके वाटले तरी काम आपल्या घरातलेच आहे. आमच्या त्या बाईंनी हा शब्द कधी ऐकला नसेल.

शास्त्र काय दाखवते

ईयोबाचे मित्र त्याच्या मतांतराने नव्हे तर दुःखाने ओढले जाऊन आले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांची चूक त्यानंतर झाली. दुःखाचे कारण समजावून सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले तेव्हा.

गेथशेमानेत प्रभूने तिघांना जवळ ठेवले. त्याने त्यांच्याकडे सल्ला मागितला नाही. थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, एवढीच त्याची विनंती होती, आणि तेवढेही त्यांना जमले नाही. तेथील त्याची प्रार्थनाही लक्षात घ्या. प्याला टळावा असे त्याने मागितले, आणि पित्याची इच्छा पूर्ण होवो असेही म्हटले. मी बाबांच्या खाटेशी पहिला भाग तेवढा म्हणत होतो.

वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्या स्त्रियांना व त्या शिष्याला काहीच बदलता येत नव्हते. तरी ते तेथे होते. शेवटच्या वेदनांतही प्रभूने आपल्या आईची व्यवस्था लावून दिली. म्हणून आजारी माणूस घराचे कागद, देणीघेणी किंवा कबरेची जागा यांविषयी बोलू लागला, तर तो विश्वासात उणा पडला असे समजू नये.

पौलाचे पत्र तर फारच बोलके आहे. आपल्या प्रयाणाची वेळ आली असे तो लिहितो, आणि त्याच पत्रात तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी ये, झगा आण, पुस्तके आण असे सांगतो. लूक तेवढा त्याच्याजवळ होता. ओळखीचे माणूस, अंगावर ऊब आणि आवडीचे वाचन एवढ्याच त्याच्या गरजा होत्या.

वेदना मुकाट्याने सोसावी काय?

सिसिली साँडर्स या ख्रिस्ती बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते असे त्या शिकवीत. वेदना उसळण्याची वाट न पाहता औषध ठरावीक वेळी द्यावे, ही त्यांची रीत. आपल्या देशात पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत सुरू झाले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात व दिल्लीत निघाल्या. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली. यास्तव आपल्या रोग्याला असह्य वेदना होत असतील, तर वेदनाशामक उपचार कोठे मिळतील असे डॉक्टरांना अवश्य विचारा. औषध घेणे हा अविश्वास नाही.

खाटेजवळ काय करावे

१. आत जाताना "बसू का?" असे विचारावे, आणि उभे न राहता बसावे.

२. खोटे बोलू नये. सत्य लादूही नये. "तुम्हाला काय वाटते? कशाची काळजी वाटते?" असे विचारून थांबावे. रोगी जेवढे उघडेल तेवढेच आत जावे. ऐकलेले बाहेर बोलू नये.

३. शेवटी भूक मंदावते. जबरदस्तीने भरवू नये, ठसका लागतो. ओठ व तोंड ओले ठेवावे. कूस कशी व केव्हा बदलावी हे परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

४. अखेरच्या काळात हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो, घशात घरघर होते. हे घरच्यांना आधी सांगितले तर ते घाबरत नाहीत. ती घरघर बहुधा ऐकणाऱ्यालाच अधिक छळते.

५. रोगी बोलेनासा झाला तरी त्याला ऐकू येत असेल असे समजून वागावे. कॅनडातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रतिसाद न देणाऱ्या काही मरणोन्मुखांच्या मेंदूने आवाजाला प्रतिसाद दिल्याचे दिसले. तेव्हा खाटेशी वाद नकोत. क्षमा मागावी, आभार मानावे, नावाने हाक मारावी.

६. प्रार्थना लहान व हळू आवाजात करावी. कोणते स्तोत्र वाचू, कोणते गीत म्हणू, हे त्यालाच विचारावे.

उपचारांविषयीची आपली इच्छा शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. कुटुंबात याविषयी वेळीच बोलावे.

घरच्यांसाठी मंडळीने

एकाने रात्री जागावे, एकाने डबा द्यावा, एकाने मुलांना शाळेत पोचवावे. पाळकांवर सर्व सोपवू नये. दफनानंतर आठ दिवस घर माणसांनी भरलेले असते. नंतर ते रिकामे होते. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात कोण भेटेल, हे महिला मंडळाने व तरुण संघाने आधीच ठरवावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

"आजोबा झोपले" असे लहान मुलांना सांगू नये. काही मुले मग झोपायला भितात. "आजोबा मरण पावले, त्यांचे शरीर आता काम करीत नाही, ते प्रभूजवळ आहेत," असे साध्या शब्दांत सांगावे. मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारील. तितक्याच शांतपणे उत्तर द्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. ईयोबाचे मित्र कोठपर्यंत चांगले सोबती होते?

२. गेथशेमानेतील शिष्य का झोपी गेले असतील? आजाऱ्याच्या घरी जाण्याचे आपण का टाळतो?

३. आपल्या मंडळीत आज कोणाच्या घरी जागरण चालू आहे? या आठवड्यात तेथे कोण जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्ग सुटण्यापूर्वी नावासह लिहून घ्यावे.