विड्याचा अडकित्ता

फ्रान्समध्ये जेवताना सुरी टेकविण्यासाठी पशुपक्ष्यांच्या आकाराच्या छोट्या वस्तू मेजावर मांडीत. आपल्याकडे भोजनानंतर विडा देण्याची रीत होती. म्हणून सुपारी कातरण्याच्या अडकित्त्यालाही कारागिरांनी पोपटाचे, घोड्याचे रूप दिले. असे अडकित्ते जुने झाले, की मोडीत जात. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगावी हिंडून ते जमविले. दिवे, दौती, भांडीही जमविली. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला होता. संग्रहालयाला त्यांनी त्याचेच नाव दिले आणि १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घडविणाऱ्यांची नावे हरवली; त्यांचे कौशल्य मात्र तेथे पाहावयास मिळते. घरातील जुनी वस्तू मोडीत देण्यापूर्वी ती एकदा निरखून पाहावी.