काचा कुणी वाहिल्या?

कोलकाता

चि. मुक्तास,


सॅम्युअल बोर्नच्या छायाचित्रांचं प्रदर्शन बघायला तू इकडे येते आहेस, फार बरं वाटलं. संग्रहालयात जाण्याआधी एस्प्लनेडला उतर आणि त्याच्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ स्टुडिओची जुनी इमारत बाहेरून तरी बघून घे. १९९१च्या आगीत तिथला मोठा ठेवा जळाला आणि २०१६ साली स्टुडिओलाच कुलूप लागलं.

प्रदर्शनात सगळी चित्रं बघायचा हट्ट धरू नकोस. दोन-तीनच निवड, पण जवळून बघ. आकाश कोरं पांढरं दिसेल. त्या काळी, एकोणिसाव्या शतकात, छायाचित्र काचेवर घेत आणि त्या काचेवर निळा रंग फार लवकर उमटायचा. डोंगराची कपार उमटेपर्यंत वरचे ढग पुसले जायचे. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, ती चांदीच्या द्रावात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. वाळली की वाया गेली. नॉटिंगहॅमच्या बँकेतली नोकरी सोडून १८६३ साली इकडे आलेल्या या माणसाने १८६६मध्ये हे सगळं हिमालयातल्या मणिरंग खिंडीत, सुमारे साडेअठरा हजार फुटांवर केलं! त्याच्या नजरेला आणि चिकाटीला मनापासून नमस्कार कर.

आणि मग विचार, एवढ्या काचा, रसायनं, तंबू वर गेले कसे? हिमालयातल्या त्याच्या पहिल्याच सफरीत तीसेक हमाल होते. पुढच्या सफरींत आणखी वाढले. ते वाटेत पळून जात, तेव्हा आपण काठी चालवली, हे बोर्ननेच आपल्या लेखांत लिहिलं आहे. एका काचेला तडा गेला असता तरी ते चित्र आज भिंतीवर नसतं. त्या काचा अखंड पोचवल्या त्यांनी, चित्राखाली नाव मात्र एकट्या बोर्नचं. मला हा अन्याय वाटतो, आणि बोर्न कितीही थोर असला तरी तो अन्याय झाकू नये असंही वाटतं.

तुमच्या वर्गाचं सह्याद्रीवरचं छायाचित्र-प्रदर्शन जवळ आलंय ना? हरिश्चंद्रगडावर तुमचं सामान पायथ्याच्या पाचनई गावातल्या ज्या मंडळींनी चढवलं, त्यांची नावं फोन करून विचारून घे, नीट लिहून घे आणि तुझ्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छाप.

तुझी,
आत्या