पडद्याशी ताल जुळवताना

सोलापूर

चि. भाच्यास,

‘एक अनेक और एकता’ ही ॲनिमेशन फिल्म पडद्यावर दाखवायची आणि शाळेतल्या मुलांच्या वाद्यवृंदाने तिचं संगीत समोर बसून वाजवायचं, हा तुझा बेत कळला. बेत उत्तम आहे. पण वाद्यांची जमवाजमव नंतर. आधी डोळे मिटून ती फिल्म नुसती ऐकावी, म्हणजे संगीत आणि बोलणं किती गुंतलेलं आहे ते कळेल.

पडद्यासमोर बसून संगीत वाजवण्याचं गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं. ‘द स्नोमॅन’ हा २६ मिनिटांचा ॲनिमेशनपट १९८२ च्या नाताळात दूरचित्रवाणीवर आला. पुढे नाताळ आला की तिथल्या गावोगावच्या सभागृहांत तो ऑर्केस्ट्रासह दाखवला जाऊ लागला. हे जमलं, कारण सुरुवातीचं निवेदन आणि एक गाणं सोडलं तर त्यात शब्दच नाहीत. गोष्ट सांगतं ते हॉवर्ड ब्लेक यांचं संगीत.

‘एक अनेक’चं तसं नाही. १९७४ ची ही जेमतेम सात मिनिटांची फिल्म विजया मुळे यांची. ॲनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं आणि गाणारा कोवळा आवाज साधना सरगम यांचा. ताई मुलांना शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडलेल्या पाखरांची गोष्ट सांगते. बोलता बोलता गाणं सुरू होतं आणि गाण्यातून पुन्हा बोलणं. आज मिळणाऱ्या प्रतीत हे सगळं एकत्र मिसळलेलं आहे. संगीत बंद केलं की ताईही गप्प. तेव्हा संवादही मुलांनीच माईकवर बोलावेत. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचा, त्याहून हे काम अवघड आहे.

खरा घोळ वेळेचा. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं सरकतात. लय मिनिटाला १२० ठोक्यांची धरली तर दर ठोक्याला १२. हा हिशेब वाद्यवृंदाच्या संचालकाने प्रत्येक प्रसंगासाठी स्वरलिपीवरच लिहून ठेवावा. त्याच्यासमोर धावती वेळ दाखवणारा छोटा पडदा हवा, कानात ठोक्यांची टिकटिक हवी. वादकांनी मात्र पडद्याकडे बघायचंच नाही, फक्त त्याच्या हाताकडे. मुलांना हेच सर्वांत जड जाणार. पाखरं जाळ्यासकट उडाली की सगळ्यांच्या माना वर होतील आणि ताल सुटेल. तो प्रसंग तालमीत इतक्यांदा दाखवावा की त्याचं नवल उरू नये.

व्हायोलिन मिळत नाहीत म्हणून अडून बसू नये. वरातीच्या बँडमधला चांगला क्लॅरिनेटवाला आणि शाळेतली पेटी एवढ्यावरही पाखरं उडतील.

ही फिल्म काढणारी फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली आहे. प्रयोगासाठी हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहाची तारीख घेण्याआधी एनएफडीसीकडे परवानगीचं पत्र टाक आणि संगीताच्या हक्कांचीही त्यातच विचारणा कर.

तुझा,
मामा