लघुउद्योगाचे अंदाजपत्रक : ऑनलाइन विक्रीचे एक उदाहरण

बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ६० किलोमीटरांवर चन्नपट्टण हे गाव आहे. लाकडी खेळण्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. काळ्या कुड्याच्या फिकट, मऊ लाकडाचा तुकडा कातारी चरकावर चढवतो, हत्याराने त्याला आकार देतो आणि तो फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला झिलई आणली जाते. सावंतवाडीची खेळणी पाहिलेल्या वाचकाला या कामातील कौशल्याची कल्पना सहज येईल.

अशी खेळणी करणारे एखादे कुटुंब ती व्यापाऱ्याला न विकता ऑनलाइन विकावयाचे ठरवते, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एक साधे गणित असते. व्यापारी जी वस्तू तीनशे रुपयांना नेतो, तीच शहरातील ग्राहक सहाशे रुपयांना घेतो. मग मधले तीनशे आपल्याच घरी का येऊ नयेत? हे गणित अर्धेच खरे आहे. व्यापारी नाहीसा झाला तरी त्याची कामे नाहीशी होत नाहीत. माल बांधणे, पाठवणे, ग्राहक शोधणे, मोडतोड सोसणे, पैसे येईपर्यंत थांबणे, ही सारी कामे आता कारागिराच्या अंगावर येतात आणि त्या प्रत्येकाला किंमत असते. अंदाजपत्रक म्हणजे ही किंमत आधी कागदावर मांडणे होय.

उदाहरणादाखल, कर वगळून सहाशे रुपये किमतीचा खेळण्यांचा एक संच घेऊ. (पुढील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत, प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावेत.) लाकूड, लाख व रंग यांना ११० रुपये, कातकामाची मजुरी १३०, खोका व बांधणी २५, विक्रीमंचाचे पंधरा टक्के कमिशन ९०, इतर शुल्क २० आणि कुरियर ८० असा एकूण ४५५ रुपये खर्च होतो. उरले १४५. येथेच थांबून शंभर संचांवर साडेचौदा हजार नफा धरणारे पुष्कळ असतात. परंतु पाठवलेली शंभरच्या शंभर पार्सले ग्राहकाने स्वीकारली, असे सहसा घडत नाही.

माल हाती आल्यावर पैसे देण्याची सवलत असली म्हणजे काही ग्राहक दारातूनच पार्सल परत पाठवतात. व्ही. पी. ने ग्रंथ मागवून ती सोडवून न घेणाऱ्या वाचकाची ओळख जुन्या पुस्तकविक्रेत्यांना चांगलीच होती. हा त्याचाच वारस म्हणावयाचा. शंभरांपैकी बारा पार्सले परत आली असे धरल्यास ८८ संचांवर १२,७६० रुपये सुटतात. परतलेल्या प्रत्येक पार्सलामागे जाण्याचे ८०, येण्याचे ८० आणि वाया गेलेल्या बांधणीचे २५, म्हणजे १८५ रुपये जातात, बारांचे २,२२०. त्यांतील तीन संच फुटून आले तर त्यांचे साहित्य व मजुरी मिळून आणखी ७२० गेले. उरले ९,८२०. जाहिरातीवर पाठवलेल्या दर पार्सलामागे सरासरी पन्नास रुपये पडले, तर ४,८२० उरतात. इंटरनेट, दूरध्वनी, वीज, संकेतस्थळाचे भाडे आणि हिशेबनिसाचे मानधन असा ठरलेला मासिक खर्च ४,००० धरला की महिन्याअखेरीस हातात ८२० रुपये राहतात. शंभर पार्सलांचे आठशे वीस रुपये!

शिवाय खोके बांधणे, छायाचित्रे काढणे आणि ग्राहकांच्या चौकशांना उत्तरे देणे ही कामे घरातील स्त्री करीत असते व तिची मजुरी कोठेच धरलेली नसते. ती दिवसाला अवघी शंभर रुपये धरली तरी महिन्याचे ३,००० होतात आणि नफ्याच्या जागी २,१८० रुपयांचा तोटा दिसू लागतो. ही मजुरी प्रत्यक्ष द्यावयाची की नाही, हा घरातला प्रश्न आहे. पण ती हिशेबात न धरणे म्हणजे धंदा कोणाच्या श्रमावर चालला आहे, हेच न पाहणे होय.

याच आकड्यांतून उपायही दिसतो. परतीची पार्सले बारांवरून चारांवर आणि फुटलेले संच तीनांवरून एकावर आणता आले, तर बाकी काहीही न बदलता, तिची मजुरी न धरता, ८२० चे ३,९४० रुपये होतात. म्हणून नवी जाहिरात देण्यापूर्वी आगाऊ पैसे देणाऱ्या ग्राहकाला थोडी सूट देणे, अथवा पार्सल रवाना करण्याआधी ग्राहकाला दूरध्वनी करणे, अधिक किफायतशीर ठरू शकते. खोक्याच्या आकाराकडेही लक्ष हवे. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजनाबरोबर आकारमानाचे वजनही पाहतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरांतील गुणाकार सामान्यतः ५,००० ने भागला जातो व दोहोंपैकी जे अधिक त्यावर आकार पडतो. ३० × २५ × २० सेंटिमीटरांच्या खोक्यात नऊशे ग्रॅमची खेळणी घातली तरी आकार तीन किलोंचा द्यावा लागतो. तीच २५ × २० × १२ च्या खोक्यात मावली तर १.२ किलोंचा.

नफा आणि हातातला पैसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र नवख्या उद्योजकाला फार उशिरा उमगते. लाकूड आधी विकत घेऊन वाळवावे लागते. संच विकला गेला तरी परतीची मुदत संपून पैसे खात्यात येईपर्यंत काही दिवस जातात. एका संचामागे साहित्य, मजुरी व बांधणी यांचे २६५ रुपये, म्हणजे शंभरांचे २६,५०० रुपये आधीच घालावे लागतात. ही रक्कम फिरून येण्यास तीन महिने लागत असतील, तर ७९,५०० रुपये सतत अडकलेले राहणार. खेळते भांडवल ते हेच. ज्याने साठवलेले चाळीस हजार रुपये देखणे संकेतस्थळ आणि छायाचित्रे यांवर खर्चून टाकले, त्याच्याकडे ऐन दिवाळीत मागणी येते आणि लाकूड घेण्यास पैसे नसतात. प्रारंभीचा खर्च जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवावा. संकेतस्थळ पुढच्या वर्षी झाले तरी चालते.

करांचाही यात थोडा वाटा आहे. विक्रीमंच १० जुलै २०२४ पासून वस्तू व सेवा करापोटी नक्त विक्रीच्या अर्धा टक्का आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून आयकरापोटी ०.१ टक्का रक्कम कापून ठेवतात. लहान विक्रेत्यांना आयकराच्या कपातीत सवलत आहे. ही रक्कम बुडत नाही, पुढे वळती करून घेता येते, पण तोवर ती हाती नसते. राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या, उलाढालीच्या मर्यादेखालील लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या सक्तीतून, काही अटींवर, मोकळीक मिळाली आहे. परराज्यांत माल पाठवताना मात्र नोंदणीचा प्रश्न सर्वसाधारणपणे आरंभीच उभा राहतो. हस्तव्यवसायाच्या काही वस्तूंना वेगळ्या सवलती आहेत. त्यांच्या अटी जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.

भांडवल कमी पडल्यास मुद्रा योजनेखाली ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत व ‘किशोर’ गटात त्यापुढे पाच लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. वरच्या उदाहरणातील गरज ७९,५०० ची असल्याने पहिला गट पुरणार नाही. शिवाय हप्ता दरमहा द्यावा लागतो आणि खेळण्यांचा मोठा खप सणासुदीच्या दिवसांतच होतो. म्हणून बँकेत जाताना वर्षाचा एकच आकडा न नेता बारा महिन्यांची आवक व जावक वेगवेगळी मांडलेला कागद न्यावा, आणि पहिला हप्ता दिवाळीचे पैसे खात्यात आल्यानंतर सुरू व्हावा, अशी विनंती कर्ज मंजूर होण्यापूर्वीच करावी.