प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेकडे : विद्यार्थ्याच्या पुढील अभ्यासक्रमाची आखणी

एप्रिलअखेर आपल्या शाळेच्या हजेरीपटावरून सातवीचा किंवा आठवीचा वर्ग उतरतो. जून महिन्यात तीच मुले दुसऱ्या गावच्या माध्यमिक शाळेच्या हजेरीपटावर चढावयास हवीत. या दोन नोंदींच्या मधल्या काळात काही मुले वाटेतच गळतात. आपल्या दप्तरी त्यांच्यापुढे ‘शाळा सोडली’ असा शेरा असतो आणि माध्यमिक शाळेस ती ठाऊकच नसतात. त्यामुळे ती कोणाच्याच हिशेबात राहत नाहीत. जी मुले पुढे जातात त्यांपैकीही पुष्कळांची तयारी अपुरी असते व विषयांची निवड ऐन वेळी, शेजारच्या मुलाने केली तशी, केलेली असते. ही दोन्ही कामे वेळीच हाती घेता येतील काय, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. हा टप्पा नाजूक का?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यान्वये ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकास पहिली ते आठवीपर्यंतचे शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. आठवीनंतर मात्र या कायद्याचे छत्र संपते. म्हणजे ज्या वयात घरच्या शेतीला व मजुरीला मुलाचे हात उपयोगी पडू लागतात, ज्या वयात मुलीच्या लग्नाची बोलणी काही घरांत अजूनही सुरू होतात, त्याच वयात सक्तीचे बंधन सुटते. येथून पुढे मूल शाळेत टिकते ते पालकांच्या निश्चयावर, व त्या निश्चयाला बळ देणारा जवळचा सुशिक्षित मनुष्य बहुधा गावचा शिक्षकच असतो.

याखेरीज आणखी एक गोष्ट घडली आहे. अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली व त्यास अनुसरून आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा सुरू झाली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची असते. तीतही यश न आल्यास त्यास त्याच वर्गात ठेवता येते. आठवीत मागे राहिलेला मुलगा दुसऱ्या वर्षी शाळेत येईलच, असे धरून चालता येत नाही. म्हणून हे अतिरिक्त मार्गदर्शन कागदोपत्री न उरता प्रत्यक्षात झाले पाहिजे, आणि खरे म्हणजे ते सहावीपासूनच सुरू असले पाहिजे.

२. आखणी म्हणजे वर्गवारी नव्हे

‘हा हुशार, हा पुढे शिकेल, तो मठ्ठ, त्याने धंद्याला लागावे’ असे विभाग बाराव्या-तेराव्या वर्षी पाडण्याचा मोह शिक्षकास होतो. त्या मोहापासून दूर राहावे. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, बहुउद्देशीय शाळांची व विविध अभ्यासक्रमांची शिफारस केली होती आणि त्याबरोबरच विद्यार्थ्यांस मार्गदर्शनाची सोय असावी असे सांगितले होते. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे व शाखाभेद त्यानंतर करावा, असे मत दिले. दहावीअखेरची शालान्त परीक्षा आपल्या राज्यात १९७५ साली प्रथम झाली, ती याच आकृतिबंधाला अनुसरून. तेव्हा आपल्या विद्यार्थ्यापुढील ध्येय स्पष्ट आहे : प्रत्येक मूल दहावीपर्यंत पोचावे. त्यापूर्वी जी निवड करावयाची ती कोणतेही दार बंद करणारी नसावी.

३. कोणते निर्णय घ्यावयाचे असतात?

(अ) शाळा कोणती? केवळ नाव ऐकून शाळा निवडली जाऊ नये. घरापासून अंतर किती, एस. टी. ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते काय, पावसाळ्यात ओढा आडवा येतो काय, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे काय, वसतिगृहाची सोय आहे काय, हे प्रश्न आधी विचारावेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व तिच्या कार्यात वसतिगृहांना मोठे स्थान दिले. खेड्यातील मुलाच्या शिक्षणातील पहिली अडचण पुष्कळदा अंतराची व जेवणाची असते, हे त्या कार्यावरून आपणांस शिकता येते.

(आ) भाषा कोणत्या? मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास माध्यमिक स्तरावर मराठी व इंग्रजी यांजबरोबर हिंदी असते. हिंदी संपूर्ण शंभर गुणांची घेता येते, अथवा हिंदी पन्नास व संस्कृत पन्नास असा संयुक्त अभ्यासक्रम घेता येतो. ‘संस्कृतात गुण अधिक मिळतात’ एवढ्यावर निर्णय घेणे बरे नव्हे. त्या शाळेत संस्कृतचा शिक्षक आहे काय, मुलाचे हिंदी वाचन कसे आहे, त्याला पाठांतराची आवड आहे काय, हे पाहावे.

(इ) गणित व विज्ञान कोणत्या भाषेतून? पुष्कळ शाळांत हे दोन विषय इंग्रजीतून शिकविण्याची, म्हणजे सेमी इंग्रजीची, सोय असते. ज्या मुलास सोपा इंग्रजी उतारा वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगता येतो, त्याने ही वाट धरण्यास हरकत नाही. ज्यास ते जमत नाही, त्याचा गणिताचा गोंधळ इंग्रजीमुळे दुप्पट होतो. मराठीतून गणित शिकलेल्या मुलास पुढे विज्ञान शाखा बंद होत नाही, हे पालकांस आवर्जून सांगावे. कारण यासंबंधी गैरसमज फार आहे.

(ई) हाताचे कौशल्य. काही माध्यमिक शाळांत तांत्रिक वा पूर्व-व्यावसायिक विषय असतात. शासकीय रेखाकला परीक्षांना बसविण्याचीही सोय असते. ज्या मुलाची बोटे चित्रात वा यंत्रात रमतात त्यास अशा शाळेची माहिती करून द्यावी. मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असणे लागते व तंत्रनिकेतनातील पदविकेचा मार्गही दहावीनंतर सुरू होतो. म्हणून ‘धंदा शिकायचा तर शाळा कशाला?’ या प्रश्नाला उत्तर एकच : धंदा नीट शिकावयाचा तरी दहावी हवी.

४. पायाभरणी

नववीत गणिताचे दोन भाग होतात. पहिल्या भागात संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील समीकरणे असे विषय येतात. दुसऱ्यात भूमिती असून सिद्धता लिहावी लागते. येथे अडखळणाऱ्या मुलांची वही पाहिली तर दोष बहुधा नववीचा नसून पाचवी-सहावीतील अपूर्णांकांचा असतो. एक उदाहरण घ्या :

क्ष/४ + क्ष/३ = ७

हे सोडविताना दोन्ही बाजूंस १२ ने गुणावे लागते. मग ३क्ष + ४क्ष = ८४, म्हणजे ७क्ष = ८४, म्हणून क्ष = १२. ताळा पाहू : १२/४ = ३, १२/३ = ४, बेरीज ७. आता ३/४ + २/३ ही बेरीज पाहा. येथेही समान छेद १२च आहे : ९/१२ + ८/१२ = १७/१२. ज्या मुलास दुसरे उदाहरण समजून सोडविता येते त्यास पहिले अवघड जात नाही. जो छेदांचीही बेरीज करून ५/७ असे उत्तर लिहितो, त्यास बीजगणित म्हणजे कोडेच वाटणार. म्हणून आठवडी उजळणीत अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी व गुणोत्तर या चार गोष्टी वर्षभर फिरत ठेवाव्यात.

भूमितीसाठी ‘का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. दोन कोन समान आहेत असे मुलाने म्हटले की कारण विचारावे, व ते एका पूर्ण वाक्यात वदवून घ्यावे. सिद्धतेची तयारी ती हीच.

भाषेत मुख्य उणीव असते ती मूकवाचनाची. माध्यमिक शाळेत तासागणिक शिक्षक बदलतात. प्रत्येक जण पाठ्यपुस्तक घरी वाचून येण्यास सांगतो. ज्या मुलास स्वतः पान वाचून चार वाक्यांत सार लिहिता येत नाही, तो तेथे एकटा पडतो. म्हणून आठवड्यातून दोनदा इतिहास वा विज्ञानाचे न शिकविलेले एक पान मुलांस स्वतः वाचावयास द्यावे व सार लिहवून घ्यावे. सेमी इंग्रजीकडे जाणाऱ्यांनी एक जोडवही ठेवावी : छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लंब म्हणजे परपेंडिक्युलर, समांतर म्हणजे पॅरलल, अशी रोज तीन नावे.

५. शिष्यवृत्ती व सवलती

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना, जी ‘एन. एम. एम. एस.’ या नावाने ओळखली जाते, ती २००८ साली सुरू झाली. तिची परीक्षा आठवीत होते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसलेला विद्यार्थी तिला बसू शकतो. सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींस त्यात ५ टक्के सूट आहे. बौद्धिक क्षमता चाचणी व शालेय क्षमता चाचणी अशा दोन प्रश्नपत्रिका असून प्रत्येकीत ९० प्रश्न असतात. निवड झालेल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गरीब घरात मुलाने शाळेत राहावे की कामास जावे, हा प्रश्न कित्येकदा एवढ्या रकमेने सुटतो. म्हणून सातवीच्या निकालाकडे शिक्षकाने या दृष्टीनेही पाहावे.

मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी. चा मोफत पास आहे व बारावीपर्यंत शिक्षण-शुल्क माफ आहे. ‘मुलीच्या फीला पैसे नाहीत’ असे म्हणणाऱ्या पालकास ही माहिती आपण स्वतः घरी जाऊन द्यावी. दिव्यांग विद्यार्थ्यास शालान्त परीक्षेत लेखनिक, जादा वेळ इत्यादी सवलती मिळतात. परंतु त्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र दहावीच्या वर्षी धावपळ करून न मिळविता आताच तयार ठेवावे.

६. दाखला व नोंदी

जनरल रजिस्टरातील नाव, जन्मतारीख व जात हीच नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर व त्यावरून शालान्त प्रमाणपत्रावर जाते. शाळा सोडल्यानंतर तीत दुरुस्ती करवून घेणे फार कठीण होते. एका अक्षराची चूक मुलास पुढे नोकरीच्या दारात अडवू शकते. यास्तव दाखला देण्यापूर्वी पालकास समोर बसवून नोंद वाचून दाखवावी व आधारपत्रिकेशी ताडून पाहावी. दाखला मागताच विनाविलंब द्यावा. आठवीपर्यंतच्या वर्गात दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, असे अधिनियमातच म्हटले आहे. हे पालकांसही ठाऊक असावे.

७. वर्षाची आखणी

जून-जुलै : शेवटच्या वर्गातील प्रत्येक मुलाची वाचन व अपूर्णांकांची लहानशी चाचणी घ्यावी, प्रत्येकासाठी एक पान राखून त्यावर आवड, उणीव, घरची अडचण लिहावी.

ऑगस्ट ते ऑक्टोबर : शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे व जातीचे दाखले पूर्ण करावेत.

नोव्हेंबर-डिसेंबर : मुलांस माध्यमिक शाळेत एक दिवस घेऊन जावे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मुख्याध्यापक यांची ओळख झालेले मूल जूनमध्ये बुजत नाही.

जानेवारी-फेब्रुवारी : पालकांची बैठक घ्यावी व वरील चार निर्णयांवर चर्चा करावी. बैठकीस न आलेल्यांच्या घरी जावे. ज्यांच्या घरी जाण्याची खरी गरज असते, तेच बैठकीस येत नाहीत.

मार्च-एप्रिल : प्रत्येक मुलाचे पान माध्यमिक शाळेच्या वर्गशिक्षकाकडे पोचते करावे. त्यात दोषांची यादी नको. ‘गणितात शेकडेवारीस मदत लागते, चित्रकला उत्तम, वडील ऊसतोडीस जातात, आजीजवळ राहते’ अशी चार उपयोगाची वाक्ये पुरेत.

जुलै : माध्यमिक शाळेच्या हजेरीपटाशी आपली यादी ताडून पाहावी. एखादे नाव तेथे नसेल, तर त्याच आठवड्यात त्या घरी जावे. महिनाभर थांबल्यास मूल कामाला लागलेले असते व परत येत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, यांपैकी कोणतेच काम मोठ्या खर्चाचे नाही. एक वही, काही फेऱ्या व थोडी चिकाटी एवढेच भांडवल लागते. आपल्या शाळेचा निकाल आपण आजवर आपल्या शेवटच्या वर्गावरून मोजत आलो. तो तीन वर्षांनंतर, दहावीच्या यादीत आपली किती मुले आहेत यावरून मोजावा, अशी विनंती आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेतून गेलेल्या मुलांपैकी आज किती शाळेत आहेत? ही माहिती कशी मिळविता येईल?
२. आपल्या केंद्रातील कोणत्या गावाहून मुलींना माध्यमिक शाळेत जाणे सर्वांत अवघड आहे, व त्यावर ग्रामपंचायतीच्या साहाय्याने काय करता येईल?
३. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकांस आपल्या मुलांत कोणत्या तीन उणिवा आढळतात? त्यांना केंद्रसंमेलनास बोलावून विचारावे.
४. सेमी इंग्रजीविषयी पालकांचे कोणते गैरसमज आपणांस आढळले?