जनाबाईचे जाते आणि उसाचा फड

'कामाने पोर बिघडत नाही, उलट सुधारते,' असे आपल्या मंडळींत पुष्कळ जण म्हणतात. प्रमाण विचारले तर जनाबाईचे नाव पुढे करतात. परंपरा सांगते ती अशी, की गोदावरीकाठच्या गंगाखेडची ही मुलगी अजाण वयातच पंढरीस दामाशेटींच्या घरी राहिली; दळणकांडण, झाडलोट, पाणी, शेण्या वेचणे यातच तिचे बाळपण सरले, आणि तरी ती संतपदाला पोचली. मग लेकराला कामाला जुंपले तर काय बिघडले? हा पूर्वपक्ष वाटतो तितका पोथीतला नाही. जनाबाईच्याच मराठवाड्यातून आजही दरवर्षी हजारो लेकरे आईबापांच्या मागे उसाच्या फडावर जातात, आणि त्यांच्याविषयी बोलताना हेच वाक्य तोंडी येते. म्हणून जरा सावकाश विचार करू.

फड म्हटला की आपल्याला दिंड्यांचे फड आणि फडकरी आठवतात. हा दुसरा फड उभ्या उसाचा. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले, धरणे झाली, सडका झाल्या, देश पुढे गेला. पण ऊस तोडायला माणूस लागतो. तो आला बीड, जालना, परभणी, पाथर्डी अशा कोरडवाहू मुलखातून. १९७२ च्या दुष्काळाने तर ही वाट अधिकच मळली. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि चैत्राच्या आसपास परततात. म्हणून कार्तिकीची वारी यांच्यातल्या कित्येकांना चुकते. पंढरपूर तालुक्यातच कारखाने आहेत. चंद्रभागेपासून दोन-चार कोसांवर ऊस तोडणारा माळकरी एकादशीला कळसाकडे तोंड करून हात जोडतो आणि पुन्हा कोयता उचलतो. आषाढात आपण अकलूज-माळशिरसच्या बाजूने चालतो तेव्हा यांच्या कोप्या तेथे नसतात. त्यामुळे हे लोक आपल्या डोळ्यांआड राहतात.

आता या कामाचा हिशेब पाहा, कारण सगळी गोम त्यातच आहे. मुकादम पावसाळ्यातच 'उचल' देतो, ती नवराबायकोच्या जोडीला. जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटे माणूस म्हणजे अर्धा. पुढे टनाच्या भावाने तोड धरून उचल फेडायची. ऊस कमी तुटला तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या सालालाही त्याच मुकादमाकडे जावे लागते. रोजाने मजुरी असती तर पोराच्या हातांनी काही वाढले नसते. टनावर असल्यामुळे मात्र पोराने ओढलेली प्रत्येक मोळी बापाच्या हिशेबात पडते. बाप कसाई नसतो हो! हिशेबच असा बांधलेला आहे, की लेकरू बसून राहिले तर त्याला ते परवडत नाही.

आणि हे लेकरू करते तरी काय? पहाटे अंधारात आईबाप फडात गेले की दहा वर्षांची मुलगी पाणी आणते, चूल पेटवते, धाकट्याला काखेत घेऊन बांधावर बसते. थोडा मोठा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो, बैलांपुढे चालतो. वजनकाट्यावर उसाची नोंद होते, गाडीची होते. या मुलीची नोंद कोणाच्याच वहीत नसते. तिला कोणी कामावर ठेवलेलेच नाही, मग मालक तरी कोणाला म्हणावे?

कायदे नाहीत असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत पोरे राबत, तेव्हा १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, १८९१ साली ती मर्यादा नऊ वर्षांवर आणली. संविधानाच्या २४ व्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलास कारखाना, खाण आणि धोक्याचे काम वर्ज्य केले. १९८६ साली बालकामगारांविषयी स्वतंत्र कायदा झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलास कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरला. पण घरच्यांना शाळा सुटल्यावर वा सुट्टीत मदत करण्याची मोकळीक त्यात ठेवली. ही मोकळीक शेतकऱ्याच्या, कारागिराच्या घरी रास्तच दिसते. फडावर मात्र शाळा सुटतच नाही, कारण ती शंभर कोस मागे गावात राहिलेली असते. २०११ च्या जनगणनेत देशात पाच ते चौदा वयाची एक कोटीहून अधिक मुले काम करणारी निघाली. बांधावर भावाला सांभाळणाऱ्या मुली त्यात किती धरल्या असतील, कोण जाणे.

तेव्हा काम वाईट का? मुळीच नाही. सावता महाराजांचा मळा, गोरोबाकाकांचे चाक, ही काय आळशांची परंपरा आहे? पाभरीमागे बापाबरोबर चालणारे पोर बियाणे ओळखायला शिकते आणि सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाते. त्या कामाने ते वाढते. फडावरचे काम त्याचे वाढणेच खाते. जूनमध्ये नाव घातले, दिवाळीला गाव सोडले, परत आले तो परीक्षा संपल्या. दुसऱ्या साली तसेच. तिसऱ्या साली वर्गातले पुस्तक वाचता येत नाही, लहानग्यांत बसायची लाज वाटते, आणि हातात कोयता येतो. मुलीचे तर लग्नच उरकतात, कारण लग्न झाले की नवा कोयता उभा राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिकींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

आता जनाबाईकडे वळू. तिची कथा सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. देव तिच्या जात्याशी आला तो काय करीत आला? तिच्या कष्टांची वाहवा करीत दारात उभा राहिला नाही. खाली बसला आणि खुंट्याला हात घातला. शेण्या वेचू लागला, पाणी भरू लागला. दासीचे ओझे हलके करणे हे जर देवाने आपले काम मानले, तर त्याच कथेचा आधार घेऊन दुसऱ्याच्या पोरीच्या डोक्यावर ओझे ठेवणे हा कोणता न्याय? शिवाय जनाबाईला नामदेवांच्या घरची संगत होती, तेथे रात्रंदिवस नामघोष होता. फडावरच्या पोरीला संगत ट्रॅक्टरच्या दिव्याची.

भगवानगडाच्या भगवानबाबांनी (१८९६-१९६५) हे फार आधी ओळखले होते. ऊसतोडीला जाणारा समाज ज्या मुलखातला, तेथेच ते नामसप्ताह करीत फिरले आणि मुले शिकवा म्हणून लोकांच्या मागे लागले. त्यांच्याच नावाने २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली. त्याआधीपासून गावोगाव हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईबाप गेले तरी मूल गावातच राहते, जेवते, शाळेत जाते. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते.

पण आई म्हणते, 'सासू अंथरुणाला खिळलेली, वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू?' याला उत्तर अनुदानाने मिळत नाही, शेजाराने मिळते. गावात रात्री भजन होते तेथे चार वडीलधारी माणसे असतातच. वसतिगृहातल्या पोरांचे जेवण झाले का, मुलींच्या निजण्याची जागा सुरक्षित आहे का, मास्तर आले होते का, एवढे रोज पाहणे त्यांना जड नाही. कित्येक घरी आजी-आजोबा मागे राहतात. त्यांना धीर दिला तर नातवंडेही राहतात.

ज्यांना मूल बरोबर नेण्यावाचून गत्यंतरच नाही, त्यांनी निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून 'शिक्षण हमी पत्रक' मागून घ्यावे. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत, साल अर्धे उलटले असले तरी, मुलाला बसवून घ्यावे लागते; २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. टोळ्या दसऱ्यानंतर हलू लागतात. तेव्हा ही चौकशी नवरात्रातच, कीर्तनाला सगळे गाव जमलेले असताना, करून घ्यावी.